नेरुळचा एनडीए क्लास: रविवारच्या तासासाठी तरी लावाच

लेकीला नेरुळ स्टेशनजवळ एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेचा, क्लास लावलाय. गणित ठीकठाक. खरा ऐवज म्हणजे नौदलातून निवृत्त झालेल्या सरांचा रविवारचा तास. हिंदी महासागराचा नकाशा समोर धरून ते विचारतात, 2020च्या गलवानमधल्या चीनबरोबरच्या चकमकीनंतर फौज लडाखला वाढवली, मग समुद्राच्या वाट्याला किती उरतं? मी न्हावाशेव्याला कस्टम हाउस एजंटकडे कामाला. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर केलेल्या हल्ल्यांमुळे युरोपचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालू लागले, भाडी चढली, ते रोज टेबलावर पाहिलंय. सरांनी तेच नकाशावर उलगडलं! स्वस्त ड्रोन पाडायला महागडं क्षेपणास्त्र किती काळ परवडेल, यावर मुलं कडाडून भांडली. थिएटर कमांड, म्हणजे एका भागातली तिन्ही दलं एकाच सेनापतीच्या हाताखाली, हे मात्र घाईत उरकलं. त्याला आणखी एक रविवार द्याच, सर. बाकं अरुंद आहेत.