लर्नर्स डिक्शनरी आणि अंकी: आठ महिने वापरल्यानंतर

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि माझी खरी अडचण उघडी पडली. तालुका कोर्टात बारा वर्षं वकिली केली ती जवळपास सगळी मराठीत. दावा, कैफियत, उलटतपास, सगळं मराठी. हायकोर्टाचं कामकाज मात्र इंग्रजीत. निकालपत्र वाचलं तर अर्थ लागायचा, पण स्वतः चार ओळी लिहायला बसलं की तेच ते पन्नास शब्द फिरून फिरून यायचे.

सुरुवातीला मोबाइलवर एक तयार शब्दसंच घेतला होता. पुढे इंग्रजी शब्द, मागे एक मराठी प्रतिशब्द. दोन महिन्यांत पाचशेच्या वर शब्द पाठ झाले. मग एका ज्येष्ठ वकिलांना कागदपत्रं उशिरा पाठवली आणि मेलमध्ये लिहिलं, 'प्लीज कंडोन मी.' त्यांचा फोन आला. "अहो मॅडम, माणसाला कंडोन करत नाहीत."

मुदत कायद्याच्या कलम ५ खाली आपण कंडोनेशन ऑफ डिलेचा अर्ज करतो, म्हणजे झालेला उशीर माफ करा असं मागतो, म्हणून कंडोन म्हणजे माफ करणे, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. त्या संध्याकाळी ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश, उघडली. कंडोनचा अर्थ गैर वागणं चालवून घेणं. म्हणजे कंडोन केली जाते ती कृती, माणूस नव्हे. शिवाय नेहमीच्या इंग्रजीत या शब्दाबरोबर बहुतेक वेळा 'कॅनॉट' किंवा 'नेव्हर' असतं. हे चालवून घेणार नाही, असं सांगायलाच तो जास्त वापरतात. एका मराठी प्रतिशब्दात यातलं काहीच मावत नाही. शब्दसंच त्याच रात्री काढून टाकला.

तेव्हापासून रोज सकाळी वीस मिनिटं ही डिक्शनरी आणि अंकी. अंकी हे कार्डं करून उजळणी करायचं ॲप. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. जे कार्ड आठवतं ते पुढे जास्त दिवसांनी येतं, जे चुकतं ते लगेच परत. जपानीत अंकी म्हणजे पाठांतर.

डिक्शनरीचं मला सर्वांत आवडलेलं म्हणजे तिच्या व्याख्या सोप्या शब्दांत आहेत. एक अवघड शब्द समजायला दुसरा अवघड शोधावा लागत नाही. या पद्धतीची मुळं आपल्या बाजूलाही आहेत. मायकेल वेस्ट हे ढाक्यात, तेव्हाच्या एकत्र बंगालमध्ये, शिक्षण खात्यात होते. त्यांनी १९३५ साली काढलेल्या कोशात सगळे अर्थ फक्त १,४९० शब्दांत समजावले होते. मी वापरते तो कोश ए. एस. हॉर्नबी यांच्या कामातून आला. जपानमध्ये शिकवताना त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तो केला, १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. शब्दाचा अर्थ कळला तरी त्याच्यापुढे वाक्य कसं चालवायचं ते विद्यार्थ्याला कळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. रिलक्टंटनंतर 'टू' येतं, प्रिव्हेंटनंतर 'फ्रॉम'. माझी निम्मी चूक नेमकी इथेच व्हायची.

माझं कार्ड असं असतं. पुढे उदाहरणाचं वाक्य, त्यातला शब्द गाळलेला. मागे शब्द, व्याख्या आणि खाली माझ्या कामातलं माझं वाक्य. हे तिसरं लिहायला सर्वांत वेळ लागतो आणि लक्षात राहतं तेच. 'सँक्शन'ची मी दोन कार्डं केली. सरकारी नोकरावर खटला भरायला लागते ती मंजुरी एकात, देशादेशांवर लादतात ते निर्बंध दुसऱ्यात. 'कॉज'ची डझनभर उदाहरणं वाचली तेव्हा दिसलं की त्याच्यापुढे नुकसान, त्रास, उशीर, असंच काहीतरी वाईट येतं. आनंद 'कॉज' होतो असं सहसा कोणी लिहीत नाही. व्याख्येवरून हे कळत नाही.

उणिवाही सांगते. कायद्यातल्या खास अर्थांसाठी वेगळा कोश लागतोच. बोलण्यातला अडखळेपणा याने गेलेला नाही. आणि खंड पडला की अंकी फार अंगावर येतं. एकदा सुट्टीत दहा दिवस उघडलं नाही, तर तीनशेच्या वर कार्डं साचली. आता नवीन शब्द दिवसाला तीनच घेते. आठ महिन्यांत सहाशेच्या आसपास कार्डं झाली. पाचशे शब्द दोन महिन्यांत पाठ झाले होते त्या मानाने हे कमी आहे, पण यातले बरेच शब्द मी अर्जात न घाबरता लिहिते.

गेल्या आठवड्यात त्याच ज्येष्ठ वकिलांनी माझा मसुदा तपासून परत पाठवला. पाच पानांत एकाच शब्दाखाली रेघ होती, 'मूट'. समासात त्यांनी लिहिलं होतं, 'कोणत्या अर्थाने?' ब्रिटिश इंग्रजीत मूट पॉइंट म्हणजे वादाचा मुद्दा, अमेरिकन इंग्रजीत आता निरर्थक झालेला. मी तिथे 'आर्ग्युएबल' घातलं, आणि मूटच्या कार्डाची दोन कार्डं केली.