न संपणारा लोटा: चमत्कार सादरीकरणासाठी घ्यावा का?

जादूचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळणारा हा पितळी लोटा म्हणजेच बुवांचा अक्षय कमंडलू. पूर्ण ओतून दाखवला तरी मंत्र म्हणताच पुन्हा भरतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यक्रम करणाऱ्यांनी सगळ्यात आधी हाच घ्यावा.

आत मधोमध नळी, भोवती बंद पोट, दोन्ही तळाशी जोडलेली. गळ्याखाली पोटाला टाचणीएवढं भोक. ते अंगठ्याने दाबून ओतलं की नळीतलंच पाणी पडतं. पोटात हवा शिरत नाही म्हणून तिथलं पाणी अडून राहतं. लोटा सरळ करून अंगठा उचलला की ते नळीत चढतं. नळीत एकूण पाण्याचा पाचवा हिस्सा मावत असेल, तर १ लिटरमधून आधी २०० मिली निघतं, मग १६०, १२८, १०२. चौथ्या खेपेला थांबावं, पुढे धार बारीक होते.

घेताना दुकानातच भरून पाहा. भोक उघडं ठेवून सावकाश भरा, नाहीतर पोटात हवा कोंडते. मग भोक दाबून ओता. नळी रिकामी झाल्यावरही धार चालूच राहिली तर आतला डाख कच्चा आहे, परत करा. भोक मोठं असेल तर अंगठ्याने नीट बंद होत नाही. दूध कधीच भरू नका. पोटात हात जात नाही, साय अडकते, वास मारतो. पितळ घासायच्या पुडीने भोक बुजतं, ते सुईने मोकळं करावं. कार्यक्रमानंतर भोक उघडं ठेवून उलटा निथळवा.

पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीनने आपोआप पेटणारं हवन जास्त गाजतं. पण तिथे मुलांना आपल्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो. नाण्यातून विभूती काढायला मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते जहाल विष आहे, शाळेत नेऊच नये. लोटा मात्र थेट मुलांच्या हातात देता येतो. भोक त्यांनाच सापडू द्या, घाईने सांगू नका.

त्यानंतर २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध प्यायल्याची गोष्ट काढावी. लोट्यात पाणी कुठून आलं हे मुलांनी शोधलेलंच असतं. दूध कुठे गेलं हे पाहायला चमचाभर दूध आणि ओला वरवंटा पुरतो: चमच्याची कड टेकवली की दूध दगडाला धरून खाली उतरतं, आणि संगमरवरावर न दिसणारा ओघळ काळ्या दगडावर लख्ख दिसतो.