चिंगीचं नाक आणि खिडकीची स्टीलची जाळी: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरात घरातल्या दोन्ही खिडक्यांना स्टीलची मच्छरजाळी बसवून घेतली, त्याला आता दहा महिने झाले. आधीच लिहिणार होते पण थांबले, कारण ही जाळी मी आमच्यासाठी बसवलीच नव्हती, मांजरीच्या नाकासाठी बसवली होती, आणि नाकाचं खरं काय ते पावसाळ्यातच कळणार होतं. जून-जुलै निघाला, आता लिहिते.

चिंगी साडेतीन वर्षांची, पांढरी, पाठीवर आणि शेपटीला केशरी. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात, दुसऱ्या मजल्यावर. पलीकडे खारफुटी आणि खाडी, त्यामुळे डासांचं काही सांगायलाच नको, दिवेलागणीला खिडकी उघडी राहिली की संपलं. आणि चिंगीची लाडकी जागा म्हणजे खिडकीबाहेरचं ग्रिल, तुळशीच्या कुंडीशेजारी, बरोब्बर त्याच वेळेला जाऊन बसायची.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी तिच्या नाकाच्या दांड्यावर, जिथे केस अगदी बारीक असतात तिथे, एक पुटकुळी दिसली. वाटलं कुठेतरी घासलं असेल. आठवड्याभरात तीन-चार झाल्या, त्यावर खपल्या धरल्या, रव्याच्या दाण्यासारख्या कडक, मग कानांच्या कडांनाही तसंच सुरू झालं, आणि ती मागच्या पायाने इतकी खाजवायची की सकाळी पलंगाशेजारच्या भिंतीवर रक्ताचे बारीक शिंतोडे दिसायचे. जवळच्या एका क्लिनिकमध्ये नेलं, तिथे नुसतं बघून फंगस आहे म्हणाले, तपासणी काही नाही, मलम दिलं. दीड महिना आम्ही ते लावत राहिलो, चाटू नये म्हणून गळ्यात कोन, त्या कोनामुळे तिला भांड्यात तोंड घालता येईना, मग आई हातावर घेऊन भरवायची. दोन दिवस सुकल्यासारखं वाटायचं की परत नवीन. मला त्या दीड महिन्याचं फार वाईट वाटतं, कारण तेवढे दिवस ती नको त्या औषधाचा त्रास सहन करत होती.

मधल्या काळात सगळ्यांचे सल्ले. काकूंनी खोबरेल तेलात हळद कालवून आणून दिली, मनापासूनच दिली, पण ते सगळं तिने दहा मिनिटांत चाटून टाकलं असतं म्हणून लावलं नाही. खालच्या मजल्यावरच्या दादांनी त्यांच्या कुत्र्याला मानेवर घालतात ते गोचिडाचे थेंब दिले, म्हणाले खाज लगेच जाईल. घालण्याआधी एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला म्हणून वाचलो. कुत्र्यांच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजरीच्या लिव्हरला ते नीट मोडून बाहेर टाकता येत नाही, अंग थरथरतं, फिट्स येतात, जीवही जातो. प्लीज हे लक्षात ठेवा, कुत्र्याचं औषध थोडंसंच म्हणूनही मांजरीला नाही. टी-ट्री तेल नाही, डेटॉलही नाही.

ऑगस्टमधली एक रात्र, लाइट गेली होती, चिंगी माझ्या पोटावर झोपलेली आणि मी तिची खपली बघायला मोबाइलचा टॉर्च लावला, तर नाकाच्या दांड्यावर मच्छर बसलेला. पोट लालभडक, टम्म. ती झोपेत नाक आक्रसत होती आणि तो हलत नव्हता. बरोब्बर जिथे पुटकुळ्या यायच्या तिथेच. बाकी सगळं अंग दाट केसांचं, चावणार तरी कुठे, नाक आणि कान हीच उघडी जागा. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे फंगस नाहीये.

मग परळला नेलं, बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट. सायनच्या पुढे रिक्षा जात नाही, म्हणून टॅक्सी केली, चिंगी अख्खा रस्ता टोपलीत ओरडत होती. तिथे खपलीखालून खरवडून स्लाइड बघितली, खरजेचे किडे नाहीत, फंगस दिसलं नाही, पण इओसिनोफिल नावाच्या पेशी भरपूर, ॲलर्जीत वाढतात त्या. मी टॉर्चचा प्रसंग सांगितला तर डॉक्टर म्हणाल्या की डास चावण्याची ॲलर्जी मांजरींना असते, सगळ्यांना नाही, काहींनाच, आणि ती अशीच नाकावर आणि कानांवर दिसते, कधी पंजांच्या गाद्यांवरही. खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे आठवडाभर डास अजिबात नाहीत अशा जागी ठेवून बघा. आणि ती पांढरी असल्यामुळे हेही बजावलं की जखम भरलीच नाही तर बायोप्सी करावी लागेल, पांढऱ्या मांजरींना नाका-कानावर उन्हामुळे कॅन्सर होऊ शकतो.

ठाण्याला मामेबहिणीकडे सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत. तिथे आठ दिवस ठेवली. औषध बंद, मलम बंद. सहाव्या दिवशी बहिणीने फोटो पाठवला, खपल्या सुकून गळालेल्या, खाली गुलाबी कातडी. मी फोटो मोठा करून करून बघत होते. घरी आणली आणि चौथ्या दिवशी परत दोन पुटकुळ्या. आता शंका उरली नाही. खाज फार होती म्हणून डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं, डोस हळूहळू कमी करत बंद केलं. त्या काळात पाणी आणि भूक दोन्ही वाढलं होतं, आणि मांजरींना स्टिरॉइड जास्त दिवस चाललं तर डायबेटिसची भीती असते, म्हणून दर पावसाळ्यात हेच करत बसणं मला पटेना.

म्हणून जाळी. आधी वेल्क्रोवाली फायबरची लावून बघितली होती, स्वस्त पडते, पण चिंगीने चौथ्या दिवशी नखाने कोपरा फाडला आणि परत ग्रिलमध्ये जाऊन बसली. मग ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची, ट्रॅकवर सरकणारी. दोन खिडक्या मिळून चाळीस चौरस फूट, २३५ रुपये फुटाने ९,४०० झाले. आमच्यासाठी रक्कम मोठी होती, आईने भिशीतले पैसे दिले.

दहा महिन्यांत जाळीला एकही भोक नाही, आणि ही पोरगी तिच्यावर दोन्ही पायांवर उभी राहून ओरखडे काढते. गंज नाही, फक्त कोपऱ्यातल्या दोन स्क्रूंना आलाय, ते साधे लोखंडी घातले होते, बसवताना स्टीलचेच मागून घ्या. वारा थोडा कमी झाला, उजेडही, मे महिन्यात जाणवलं. धूळ खूप धरते, दर पंधरा दिवसांनी ओल्या ब्रशने पुसावी लागते.

एक चूक मात्र आमच्या लक्षात उशिरा आली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत एक पुटकुळी, माझ्या पोटात गोळाच आला. रात्री टॉर्च घेऊन दोन्ही खिडक्या बघितल्या तर जिथे जाळीची फ्रेम काचेच्या फ्रेमवर येते तिथे केसांची पट्टी, जाळीवाले त्याला ब्रश म्हणतात, ती खालून बोटभर सुटलेली. तेवढी फट पुरते डासांना. जाळीवाल्याला बोलावून नवीन ब्रश लावून घेतला, त्याने पैसे घेतले नाहीत. तुळशीच्या कुंडीखालची ताटली काढून टाकली, डेंग्यूचे डास अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतात, महापालिकेची माणसं येऊन तेच तर बघतात. कॉइल बंद केली, धुराने चिंगी शिंकायची. पुटकुळी कोमट सलाइनच्या कापसाने पुसत होते, चिंगीही शांत बसायची, पुटकुळी आठवड्यात गेली. त्यानंतर आजपर्यंत नाही.

नाकावरचे केस आलेत परत. टोकावर एक काळा ठिपका होता लहानपणापासूनचा, तो फिकट झालाय, परत येईलसं दिसत नाही. ग्रिल बंद झाल्याचा तिला राग होता, महिनाभर जाळीसमोर बसून रडायची, ते ऐकवत नव्हतं, मग खिडकीच्या आतल्या बाजूला फळी ठोकून उशी टाकली, आता दिवेलागणीला तिथे बसते आणि जाळीच्या पलीकडचे डास नुसते बघत राहते. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टचं भोक तेवढं राहिलंय, त्याचं माप देऊन झालंय, शनिवारी बसवायला येतोय.