भाडं की स्वतःचा माल?

कोथरूडला दर रविवारी आम्ही अंतराळातला रोलप्लेइंग गेम खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. स्वतंत्र व्यापारी जहाजासाठी नियम ठरवताना दोन वाटा समोर आल्या.

पहिली भाड्याची. १९७७ साली आलेल्या 'ट्रॅव्हलर' या अशाच खेळात टनामागे १,००० क्रेडिट (खेळातलं चलन) भाडं ठरलेलं. छोट्या जहाजात माल मावतो ८२ टन. भरून गेलं तर ८२,००० हातात. हिशोब दोन मिनिटांत उरकतो. पण इंधन, पगार, जहाजाचा हप्ता वजा केला की फारसं उरत नाही.

दुसरी, माल स्वतः घेऊन विकायचा. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की भाव पडतो, हे पुण्यात कुणाला समजावावं लागत नाही. तेच इथे फाशांवर: आकडा कमी पडला की भाव कमी. मागच्या खेपेला आमच्या कप्तानाने सगळी शिल्लक यंत्रांच्या सुट्या भागांत घातली. दोन फाशांवर मिळून पडले तीन. टेबलावर कुणी बोलेना. मग हप्ता कसा भरायचा, यावरून तासभर खरी गोष्ट घडली!

हिशोबाची वही वाढते, हे खरं. तरी मला दुसरीच वाट आवडते. फक्त अर्धी जागा भाड्याला राखा, आणि त्याच बंदरावर तोच माल पुन्हा आणला तर भाव उतरवा.