मॅरेथॉन की थर्मोपिली? अथेन्सहून एका दिवसाची सहल

अथेन्समध्ये एकच दिवस हाताशी असेल, तर मी मॅरेथॉन निवडेन. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर, म्हणजे प्रवासात दिवस वाया जात नाही. इ.स.पू. ४९० मध्ये पर्शियन फौजेला इथे अथेन्स आणि प्लॅटिया या ग्रीक नगरांच्या सैनिकांनी मागे रेटलं. पडलेल्या १९२ अथेन्सवासीयांवर रचलेला मातीचा उंचवटा आजही मैदानात उभा आहे. सुमारे नऊ मीटर उंच, साधा, गवताळ. त्यासमोर उभं राहिलं की आकडा आकडा राहत नाही. जवळचं संग्रहालयही चुकवू नका.

थर्मोपिली साधारण दोनशे किलोमीटरवर. जाऊन-येऊन चार-पाच तास बसमध्येच. काही सहली डेल्फीही त्याच दिवशी उरकतात, ते मला पटत नाही.

आणि इथे चांगला गाईड हवाच. कारण इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीकांनी जिथे पर्शियन फौजेला अडवलं, ती डोंगर आणि समुद्रामधली अरुंद खिंड आता दिसतच नाही! स्पर्खिओस नदीच्या गाळाने समुद्र काही किलोमीटर मागे सरकला आहे. डोंगराखालून रुंद सपाट जमीन पसरते. तेव्हाचा किनारा कुठे होता, हे कुणी बोट दाखवून सांगितल्याशिवाय स्पार्टाच्या लिओनिडास राजाने हीच जागा का धरली ते उमगत नाही. त्याच्या पुतळ्याशी फोटो सगळेच काढतात. पण शेवटपर्यंत थांबलेल्या, थेस्पिया या ग्रीक नगराच्या सातशे सैनिकांचं स्मारकही शेजारीच आहे, तिथे जरूर थांबा. ग्रीकांनी शेवटची झुंज दिली त्या समोरच्या कोलोनोस टेकडीवरही चढा. गरम पाण्याचे झरे अजून वाहतात. थर्मोपिली हे नावच त्यांच्यावरून पडलं.