आठ महिने स्टडइंट.एच वापरल्यावर

स्टडइंट.एच ही सी भाषेतली फाइल, ठरावीक बिटांचे आकड्यांचे प्रकार देणारी. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत टँकरच्या पाण्याचा हिशेब ठेवायला मी तपकीर गल्लीतून आर्डुइनो ऊनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणून मीटरला जोडला. एका सकाळी सेक्रेटरीकाकांचा फोन. "अहो, तुमचं यंत्र उणे बत्तीस हजार लिटर दाखवतंय. टँकरवाल्याला पैसे द्यायचे की त्याच्याकडून घ्यायचे?"

मोजणी इंट या पूर्णांकाच्या प्रकारात होती. लॅपटॉपवर इंट ३२ बिटांचा, म्हणून तिथे सगळं सुरळीत. ऊनोवर तो १६ बिटांचा. ३२,७६७ नंतरचा लिटर थेट −३२,७६८ झाला. सी भाषेचं मानक इंटला किमान १६ बिट हवेत एवढंच सांगतं, तेव्हा कंपायलरवर (कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमवर) चिडण्यात अर्थ नव्हता.

तेव्हापासून सगळीकडे स्टडइंट.एचमधले इंट३२_टी (कुठेही ३२ बिटांचाच पूर्णांक) आणि मंडळी. ही सोय १९९९ च्या मानकापासून आहे, मीच आळशी.

सर्वात मोठा फायदा फाइलींत झाला. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचं ६४ बिटांचं लिनक्स प्रत्येक टँकरची वेळ आणि लिटर असे दोन लाँग (पूर्णांकाचा आणखी एक प्रकार) फाइलीत लिहायचं. तिथे लाँग आठ बाइटचा, माझ्या विंडोज लॅपटॉपवर चारचा, आणि हा लॅपटॉपही ६४ बिटांचाच बरं का! त्यामुळे दर दुसरी नोंद १ जानेवारी १९७० ची यायची, लिटरांच्या जागी सगळीकडे शून्य. लिटरचा आकडाच तारीख म्हणून वाचला जात होता, आणि संगणकाची वेळ त्याच दिवसापासून सेकंदांत मोजतात. प्रकार बदलले आणि हे कायमचं मिटलं.

प्रिंट करताना मात्र कटकट आहे. यूइंट३२_टी (उणे चिन्ह नसलेला ३२ बिटांचा पूर्णांक) ऊनोवर लाँगच्या घरातला, पायवर इंटच्या, म्हणून फॉरमॅटसाठी इंटटाइप्स.एचमधले ते कुरूप मॅक्रो (कोडचे तयार तुकडे) लागतात.

खरी तक्रार वेगळीच. पंप दोनदा सुरू होण्यात मिनिटभर अंतर हवं म्हणून यूइंट३२_टीच्या व्हेरिएबलमध्ये ६० * १००० ठेवलं. डावीकडे ३२ बिट असले तरी गुणाकार इंटमध्येच होतो! उत्तर आलं −५,५३६, आणि चिन्हाविना ते झालं ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद, म्हणजे जवळपास पन्नास दिवस. दुपारी चौथ्या मजल्यावर नळ कोरडे. आर्डुइनोच्या आयडीईत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) वॉर्निंग मुळात बंद असतात. चालू केल्यावर कंपायलरने ती ओळ लगेच दाखवली.

६० च्या मागे यूएल (आकडा चिन्हाविना लाँग असल्याची खूण) लावून भागलं. मीटरच्या लायब्ररीतले जुने लाँग अजून तसेच आहेत, ते गणपतीनंतर.