स्वतः आखलेली मास्टर्स की विभागाची एम.ए.? बडोद्यातून अर्ज करणाऱ्यांसाठी तुलना

बडोद्यातल्या मराठी घरात पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एम.ए. कशात?" ज्यांना याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, त्यांच्यासाठी हा आढावा. परदेशातल्या काही विद्यापीठांत विद्यार्थी स्वतःचा अभ्यासक्रम स्वतः आखून मास्टर्स करू शकतो. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारे दोन मार्ग आहेत. एक, तयार आंतरविद्याशाखीय एम.ए. दोन, एखाद्या विभागाची पदवी घ्यायची आणि बाकीचं तिच्याभोवती आपण जमवायचं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. गायकवाडी दप्तरातले मोडी कागद बडोद्यात आहेत. मोडी सफाईने वाचणारी माणसं मोजकीच उरलीत, आणि संगणकाला हस्ताक्षर वाचायला शिकवण्याचं तंत्र आता हाताशी आलंय. इतिहासात बी.ए. झालेल्या एका मुलीला नेमकं यावरच काम करायचंय असं समजा. तिला लिपी लागेल, संगणक लागेल आणि अभिलेखागाराचा कारभारही कळावा लागेल. यातला एकही विषय सोडला तर काम अडतं.

स्वतः आखायची म्हणजे काय

न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं गॅलेटिन स्कूल १९७२ पासून याच कल्पनेवर उभं आहे. तिथली एम.ए. ४० युनिटची (म्हणजे क्रेडिटची). वर्ग विद्यापीठाच्या वेगवेगळ्या शाखांतून निवडायचे आणि शेवटी प्रबंध, कलाकृती किंवा प्रत्यक्ष प्रकल्प यांपैकी एक करायचं. ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत तीन क्षेत्रांची सांगड घालून आंतरविद्याशाखीय एम.ए. करता येते. माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया युनिव्हर्सिटीत 'इंडिव्हिज्युअलाइज्ड प्रोग्रॅम' आहे. त्याचा कल संशोधनाकडे, आणि अर्जाआधीच वेगवेगळ्या विषयांतले मार्गदर्शक आपण शोधायचे असतात.

वरवर तिन्ही सारखे दिसतात, पण स्वभाव निराळे. गॅलेटिन मोकळं आहे, ओरेगॉनला चौकट आहे, आणि कॉन्कॉर्डियात सगळी भिस्त मार्गदर्शकावर. आपल्या मोडीवाल्या मुलीला मी कॉन्कॉर्डियाकडे वळवेन, कारण तिचा प्रश्न ठरलेला आहे. ज्याचा प्रश्न अजून ठरायचाय, त्याने या तिन्हींच्या वाटेला तूर्त जाऊ नये. मोकळीक आहे म्हणून प्रश्न आपोआप सुचेल, ही आशा फार महागात पडते.

अर्जातला खरा फरक

विभागाच्या एम.ए.साठी गुणपत्रिका, कुठे प्रवेश परीक्षा, कुठे मुलाखत, एवढ्यावर भागतं. गुजरातच्या सरकारी विद्यापीठांसाठी जीकॅस या सामाईक प्रवेश पोर्टलवर नोंदणी केली की बरंचसं काम उरकतं. तुम्हाला काय शिकायचंय हे तिथे फारसं कोणी विचारत नाही, कारण ते विभागाने आधीच ठरवलेलं असतं.

स्वतः आखलेल्या पदवीच्या अर्जात सगळा भार तुमच्या प्रस्तावावर असतो, आणि आपल्याकडची हुशार मुलं नेमकी इथे घसरतात. "मला इतिहास, तंत्रज्ञान आणि वारसा यांची लहानपणापासून आवड आहे" हे वाक्य प्रस्तावात असेल तर ते खोडा. आवडींची यादी म्हणजे अभ्यासाचा प्रश्न नव्हे. त्यापेक्षा असं लिहा: "गायकवाड संस्थानातले मोडी कागद संगणकाने वाचून सगळ्यांना खुले केले, तर त्यात आलेल्या जमिनीच्या, कर्जाच्या, जातीच्या नोंदी कोणी आणि कोणत्या नियमाने उघड करायच्या?" या एका वाक्यात लिपी, संगणक आणि अभिलेखागाराचं धोरण ही तिन्ही क्षेत्रं आपोआप आली. ती का हवीत, हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

त्यानंतर निवड समितीचा खरा प्रश्न येतो: हे एकाच विभागात का होत नाही? याचं उत्तर तक्रारीच्या सुरात देऊ नका. इतिहास विभागात हस्ताक्षर ओळखणारी प्रणाली बनवायला शिकवत नाहीत आणि संगणक विभागात दप्तर कसं लावलं जायचं ते शिकवत नाहीत, एवढं सरळ लिहिलं तरी पुरे. मग सत्रवार वर्गांची यादी द्या. ते वर्ग त्या विद्यापीठात खरोखर चालतात का, हे तपासूनच. एखादा वर्ग त्या वर्षी नसेल तर पर्याय कोणता, हेही लिहिलंत तर समितीला कळतं की या मुलीने घरचा अभ्यास केलाय.

मार्गदर्शकांना पत्र लिहिण्याचं काम मुलं शेवटी ठेवतात. ते सगळ्यात आधी करायला हवं. पत्र अर्ध्या पानाचं. त्यांचा एक लेख खरंच वाचून त्यातला एक मुद्दा, तुमचा प्रश्न, आणि "पंधरा मिनिटं बोलता येईल का" ही विनंती. "रिस्पेक्टेड सर" म्हणत पाच परिच्छेद स्वतःची ओळख, हा नमुना आपल्याकडे हातोहात फिरतो, आणि पलीकडून उत्तर येत नाही ते त्यामुळेच.

शिफारसपत्रांतही फरक आहे. एम.ए.ला "विद्यार्थिनी मेहनती आहे" चालून जातं. इथे मात्र ही मुलगी कोणी मागे न लागता काम पुरं करते, असं अनुभवाने सांगणारं माणूस लागतं. ते प्राध्यापकच असावं असं नाही. संग्रहालयात किंवा ग्रंथालयात तुमचं काम जवळून पाहिलेलं माणूस कधी कधी जास्त उपयोगी पडतं.

इथे राहून काय जमतं

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं. ललित कला शाखा १९५० ची, म्युझिऑलॉजीचा (संग्रहालयशास्त्राचा) विभाग १९५२ चा, आणि शिवाय पुरातत्त्व व प्राचीन इतिहासाचा विभाग. वस्तू आणि वारसा यांबद्दल शिकायला हे गाव गरीब नाही. कमाटीबागेतलं संग्रहालय १८९४ चं आहे. संग्रहालयशास्त्र शिकणाऱ्याला ते हाकेच्या अंतरावर असणं ही चैनच.

शिवाय नियम सैल झालेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०२२ च्या सूचनांनुसार एकाच वेळी दोन पदव्या करता येतात. दोन्हींचे वर्ग एकमेकांच्या वेळेत येऊ नयेत, किंवा एक वर्गात बसून आणि दुसरी दूरशिक्षणाने करावी. म्हणजे म्युझिऑलॉजी इथे आणि इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एम.सी.ए. (संगणकाची मास्टर्स) सोबत, असा जोड बसू शकतो. मात्र एम.सी.ए.साठी बारावीला किंवा पदवीला गणित लागतं. विद्यापीठाने मान्यता दिली तर स्वयम् या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या वर्गांचे क्रेडिटही ४० टक्क्यांपर्यंत धरले जाऊ शकतात. मोडी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्गात शिकता येते.

या मार्गात एक मोठी उणीव आहे. हे सगळे तुकडे जोडून देणारं कोणी नसतं. दोन पदव्या मिळतात, पण दोन्हींत पाय असलेला एक प्रबंध मिळत नाही.

तयार आंतरविद्याशाखीय पदवी हा मधला पर्याय. आय.आय.टी. गांधीनगरची 'सोसायटी अँड कल्चर' ही दोन वर्षांची एम.ए. आपल्याला सगळ्यात जवळची. समाजशास्त्र, इतिहास, साहित्य यांची माणसं एका छताखाली, आणि शेजारीच अभियांत्रिकीचे विभाग. आखणी त्यांची, पण प्रश्न घेऊन जाणाऱ्याला वाव मिळतो. शनिवारी बडोद्याला घरी येता येतं, याला कमी लेखू नका.

पैसा आणि नंतरचं

स्वतः आखलेल्या पदवीचा विद्यार्थी मदतीच्या बाबतीत बरेचदा दोन विभागांच्या फटीत पडतो. सहायकाची कामं विभाग आपल्या विद्यार्थ्यांना आधी देतात. म्हणून मार्गदर्शकाकडे निधी आहे का, हे लाज न बाळगता विचारा. केंद्राच्या (अनुसूचित जाती वगैरे घटकांसाठीच्या) नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीवर भिस्त ठेवत असाल तर आणखी एक अडचण: २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा आणि इतिहासावरचे विषय वगळले गेले. आपलं मोडीचं उदाहरण थेट त्यात सापडतं.

अमेरिकेत पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं. पुढची दोन वर्षं विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या पदव्यांनाच मिळतात आणि ते पदवीच्या सीआयपी कोडवर, म्हणजे अभ्यासविषयाला दिलेल्या सरकारी क्रमांकावर, ठरतं. तुम्ही निम्मे वर्ग संगणकाचे घेतलेत म्हणून कोड बदलत नाही. कॅनडात २०२४ पासून दोन वर्षांहून लहान मास्टर्सलाही तीन वर्षांचा कामाचा परवाना मिळू शकतो. क्वेबेकसाठी मात्र प्रांताचं वेगळं स्वीकृतीपत्र लागतं, आणि तिथे स्थायिक व्हायचं तर फ्रेंचला पर्याय नाही.

परत येऊन महाविद्यालयात शिकवायचं असेल, तर माझं मत सरळ विभागाच्या पदवीकडे झुकतं. नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा विषयवार होते आणि नेमणुकीच्या वेळी पदवीवरचा विषय पाहिला जातो. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी यूजीसीचे २०२५ चे नियम आहेत, पण समकक्षता मिळाली तरी "विषय कोणता" हा रकाना रिकामा ठेवून चालत नाही. अभिलेखागार, संग्रहालयाचं संगणकीकरण किंवा स्वतंत्र संशोधन करायचं असेल तर हा अडसर बराच कमी होतो. तिथे पदवीच्या नावापेक्षा केलेलं काम बघतात.

त्या मुलीने मला विचारलं तर मी सांगेन: सप्टेंबरात कॉन्कॉर्डियातल्या तीन-चार जणांना पत्रं लिही. दिवाळीपर्यंत निदान दोन वेगळ्या विषयांतली माणसं हो म्हणाली आणि पैशाचं काही दिसलं, तर अर्ज कर. नाहीतर गांधीनगरच्या परीक्षेला बस, म्युझिऑलॉजीचा अर्जही भरून ठेव, आणि मोडीचा वर्ग कोणत्याही परिस्थितीत आत्ताच लाव.